पंचफुलाकाकूंचा राखणदार

आमच्या केनवडात पावसाचा अंदाज मोबाइलवर येतो आणि पंचफुलाकाकूंच्या लघवीचा अंदाज माझ्या दुकानात येतो. पहिला निम्म्या वेळा चुकतो. दुसरा आजवर चुकलेला नाही.

माझं औषधाचं दुकान बाजाराच्या रस्त्यावर आहे. सकाळी दहाच्या सुमाराला समोर चारपाच माणसं असतातच. कुणाला तापाची गोळी हवी असते, कुणाला म्हशीच्या कासेला लावायचं मलम हवं असतं, आणि कुणाला काहीच नको असतं, नुसतं पंख्याखाली उभं राहायचं असतं. अशात काकू येतात. त्या अजून रस्त्याच्या पलीकडे असतात तेव्हाच बातमी सुरू होते.

"विनू! कालपासून पुन्हा आग होऊन राह्यली रे बाप्पा! थेंब थेंब होते न् जीव जाते!"

मी अकोल्याला फार्मसी शिकलो. तिथं आम्हाला विषबाधेपासून सर्पदंशापर्यंत सगळं शिकवलं, पण चार पुरुषांदेखत एका बाईची अशी तक्रार कोणत्या चेहऱ्यानं ऐकावी हे कुणी शिकवलं नाही. पहिल्या वेळी मी सरळ काउंटरखाली वाकलो आणि तिथं नसलेली वस्तू शोधू लागलो.

"काकू, हळू बोला ना जरा," मी खालूनच म्हणालो.

"काहून?"

"लोक आहेत."

"मंग? लोक जात नाहीत का लघवीले? खोकला असता त मी हळू खोकलली असती का?"

एक निवृत्त ग्रामसेवक त्या वेळी दुकानात होते. त्यांनी पावडरचा एक डबा उचलला आणि काकू जाईपर्यंत त्याच्यावरची अक्षरं वाचली.

काकूंचं वय सदुसष्ट-अडुसष्ट. उंच, काटक, आवाज या बांधावरून त्या बांधावर सहज जाईल असा. काका जाऊन बारा वर्षं झाली. पाच एकर शेत त्या स्वतः पाहतात. सोयाबीन केव्हा पेरायचं आणि तूर केव्हा खुडायची हे अजून कुणाला विचारत नाहीत. मुलगा पुण्यात कंपनीत आहे. रविवारी त्याचा फोन येतो. त्यालाही काकू आधी तीच बातमी देतात. एकदा तो घाईघाईनं म्हणाला, "आई, फोन स्पीकरवर आहे, पाहुणे बसलेत." काकू म्हणाल्या, "बरं झालं. समद्याइले सांग का पानी पेत जा."

कुठल्याही लग्नाला गेल्या की नवरी कशी आहे हे त्या नंतर पाहतात. आधी विचारतात, "बायकाइची सोय कुठं हाय?" सोय दाखवल्याशिवाय पंगतीला बसत नाहीत. आसेगावला त्यांच्या भाचीचं लग्न होतं, तिथं मीही होतो. मंगल कार्यालयाला सोय होती, पण तिला कुलूप होतं, आणि किल्ली ज्याच्याकडे होती तो माणूस बर्फ आणायला गेला होता. आठदहा बाया तोंडं कसनुशी करून दाराशी उभ्या होत्या. इकडे भटजींनी मंगलाष्टकाचा पहिला सूर लावला. काकू सरळ मंडपात शिरल्या, भटजींच्या हातातला माइक घेतला आणि म्हणाल्या, "लगन धा मिनिट थांबन, त्याले काही होत नाही. बायका थांबू शकत नाहीत. किल्ली कोनाकडं हाय?"

अंतरपाटामागून नवरीनं हळूच हात वर केला. तिलाही जायचं होतं.

किल्ली तीन मिनिटांत सापडली. लग्न वीस मिनिटं उशिरा लागलं. नवऱ्याचे काका रुसले, पण वऱ्हाडातल्या एकूण एक बाया जेवताना काकूंच्या पानावर आग्रहानं बुंदी वाढत होत्या.

हे सगळं ऐकून कुणाला वाटेल की बाई नुसती बोलघेवडी आहे. तसं नव्हतं. त्रास खरा होता. वर्षातून चारचार वेळा त्यांना जंतुसंसर्ग व्हायचा. आणि इथं मला माझाही गुन्हा कबूल केला पाहिजे. काकू यायच्या, जुनी चिठ्ठी दाखवायच्या, आणि मी त्याच अँटिबायोटिकच्या गोळ्या काढून द्यायचो. दोन दिवसांत बरं वाटलं की काकू गोळ्या बंद करायच्या आणि उरलेल्या डब्यात ठेवायच्या, "पुढच्या डावासाठी." मी दोनदा टोकलं, तिसऱ्यांदा टोकलं नाही.

मग एका आषाढात पुढचा डाव आला आणि डब्यातल्या गोळ्यांनी काहीच केलं नाही. तीन दिवस काकू दुकानात आल्या नाहीत. चौथ्या दिवशी मी आणि माझी बायको सुनीता घरी गेलो, तर काकू दोन गोधड्या घेऊन थरथर कापत होत्या. आवाज इतका बारीक झाला होता की मला भीती वाटली. आम्ही त्यांना गाडीत घालून वाशिमला नेलं. सहा दिवस त्या दवाखान्यात होत्या. लघवीचा कल्चर रिपोर्ट आला तेव्हा तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तो माझ्यापुढे धरला. औषधांची लांब यादी होती आणि बहुतेकांपुढे एकच शेरा: उपयोग नाही. माझ्या दुकानातून गेलेलं औषध त्यात सगळ्यात वर होतं.

"अर्धवट कोर्स घेतले की असं होतं," त्या म्हणाल्या. मला वेगळं रागावायची गरज त्यांना वाटली नाही, आणि मलाही.

इंजेक्शनांनी काकू बऱ्या झाल्या. मग किडनी, लिव्हर सगळं तपासून डॉक्टरीणबाईंनी एक नवी गोळी लिहून दिली. मेथेनामाइन. सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर एकेक, आणि काही महिने रोज.

"मेथीची हाय का?" काकूंनी विचारलं.

"मेथीचा संबंध नाही, आजी. ही अँटिबायोटिकही नाही. ही पोटातून लघवीत उतरते. लघवी आंबट असली की तिच्यातून जंतू मारणारं द्रव्य सुटतं. जंतू तिथल्या तिथं मरतात आणि या गोळीला ते सरावतही नाहीत. पण एक लक्षात ठेवा. ही त्रास होऊ नये म्हणून आहे. त्रास झालाच, ताप आला, तर हिच्या भरवशावर घरी बसायचं नाही."

काकूंनी क्षणभर विचार केला.

"समजली. आतापावतर तुमी फवारा देत होत्या. कीड पडली का मार फवारा. हा राखनदार हाय. वावरात बसून राह्यते, कोनाले घुसू देत नाही. पन घुसला चोर त राखनदाराच्या बापाच्यानं निघत नाही. तवा पोलीस बलवा लागते."

डॉक्टरीणबाई पेन हातात धरून बघत राहिल्या. "आजी," त्या म्हणाल्या, "बाकीच्या पेशंटला समजवायला तुम्ही येत जा."

तेव्हापासून त्या गोळीचं नाव राखणदार. गोळी केनवडात मिळत नाही, अकोल्याहून मागवावी लागते, आणि ती येईपर्यंत काकू रोज दुकानाशी उभ्या राहून विचारायच्या, "राखनदार निघाला का अकोल्यावून?" एकदा एक अनोळखी शेतकरी माझ्याकडे येऊन हळूच म्हणाला, "भाऊ, अकोल्याची माणसं राखणीला किती घेतात?"

दोन महिने छान गेले. तिसऱ्या महिन्यात काकू रस्त्याच्या पलीकडूनच ओरडल्या, "विनू! राखनदार झोपला!"

पुन्हा वाशिम, पुन्हा तपासणी, पुन्हा औषध. डॉक्टरीणबाईंनी खोदून खोदून विचारलं. गोळी चुकवता का? नाही. पाणी पिता? बादलीभर. दुसरं काही औषध घेता? काहीच नाही. त्याही कोड्यात पडल्या.

ते कोडं सुटलं ते असं. गोळ्या द्यायला मी एका दुपारी काकूंच्या घरी गेलो होतो. काकू अंगणात, शेजारच्या घराकडच्या भिंतीला टेकून शेंगा फोडत बसल्या होत्या. "उन्हाचा आला, बस, सरबत घे," म्हणाल्या आणि आतून ग्लास आणला. गुलाबी, गार, वर फेस. मी एक घोट घेतला आणि तिथंच थांबलो. ही चव मला ओळखीची होती. लघवीची जळजळ थांबवणारं जे सिरप मी दुकानात विकतो, ते होतं ते. वर चमचाभर खायचा सोडा.

"काकू, हे कुठून आणलं?"

"तुह्याच दुकानातून. तूच त देतेस दर आठवड्याले. थंडाई हाय. आल्यागेल्याले बी देते मी."

मी ग्लास खाली ठेवला. खरंच मीच देत होतो. मी ते देताना गोळीचा विचार केला नव्हता, आणि काकू त्याला औषध मानतच नव्हत्या. मी तिथूनच डॉक्टरीणबाईंना फोन लावला. पलीकडे त्या हसू लागल्या.

"अहो, त्या सिरपनं आणि सोड्यानं लघवीचा आंबटपणा जातो. आंबटपणा नसला की ती गोळी नुसती आत जाते आणि बाहेर येते. आधी ते बंद करा. दोन्ही."

मी काकूंना सांगितलं. काकूंनी कपाळावर हात मारला.

"म्हंजे राखनदाराले मीच दारू पाजून राह्यली होती!"

आणि मग त्यांनी एक विचित्र गोष्ट केली. मी त्यांच्यापासून दोन हातांवर बसलेलो असताना त्या भिंतीकडे तोंड करून मोठ्यानं बोलू लागल्या. "त सोडा प्याचा नाही! ते गुलाबी पानी बी नाही! पानी भरपूर प्याचं, न् लागली का लगेच जाचं, धरून ठेवाचं नाही! वाशिमची डॉक्टरीन बाईमानूस हाय, लाजाचं काम नाही!"

"काकू, मी बहिरा नाही," मी म्हणालो.

"तुले कोन सांगून राह्यलं?" त्या बोलून गेल्या. मग एकदम शेंगांच्या टोपलीत बघू लागल्या. "म्हंजे, तुलेच त सांगून राह्यली."

मी त्याचा फार विचार केला नाही. काकूंचा स्वभावच मोठ्यानं बोलायचा, असं धरून चाललो.

त्या भिंतीपलीकडे रुख्माबाई राहतात. काकूंची थोरली जाऊ. दोघी एकाच मांडवात दोन भावांशी लग्न होऊन या घरात आल्या. पुढे भावाभावांच्या वाटण्या झाल्या, अंगणात भिंत आली, तरी दोघींचं बोलणं होतं. अठरा वर्षांपूर्वी ते थांबलं. कुणी म्हणतं बांधावरच्या लिंबाच्या झाडावरून, कुणी म्हणतं लग्नातल्या मानाच्या लुगड्यावरून. काकूंना विचारलं तर म्हणतात, "तिलेच इचारा." तिला विचारण्यात अर्थ नाही, कारण रुख्माबाई कुणाशीच फारशा बोलत नाहीत. काकू जितक्या उघड्या, तितक्या त्या मिटलेल्या. माझ्या दुकानाची पायरी त्या कधी चढल्या नाहीत. आता त्याही एकट्याच. नवरा गेला, मुली सासरी.

सिरप सुटलं आणि राखणदार जागा झाला. पावसाळा गेला, दिवाळी गेली, काकूंना पुन्हा काही झालं नाही. त्यांची बातमी आता दर सोमवारी यायची, "समदं ठीक हाय, विनू!" आणि दुकानातली माणसंही सवयीनं मान हलवायची. त्या ग्रामसेवकांनी एकदा तर "वा, छान" असं म्हटलं आणि स्वतःच दचकले.

मग पौषातल्या एका सकाळी काकू दुकानात आल्या आणि काहीच बोलल्या नाहीत. गर्दी होती. त्या बाजूला उभ्या राहिल्या. शेवटचं गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबल्या. मग काउंटरवर वाकून, मला कान पुढे करावा लागला इतक्या हळू म्हणाल्या, "विनू, माह्या गोळ्याइतल्या चार दुसऱ्या कोनाले देल्ल्या त चालते का?"

"नाही, काकू. कुणाला?"

त्यांनी रस्त्याकडे पाहिलं. "कोनाचं नाव कायले पाह्यजे तुले? एका बाईले. लाजते थे. मराची पाळी आली तरी सांगाची नाही."

"त्रास सुरू झालाय का तिला?"

"तीन दिवस झाले. मोरीच्या दाराची कडी काल अकरा डाव वाजली. रातभर कन्हत होती. आज सकाळी मी पाटावर चढून भितीवरून पाह्यलं, त बाजेवर कापून राह्यली. मी कायचं त कायचं ओरडली तिले आयकू जावं म्हनून. आयकते, पन उठत नाही."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला.

"चोर घुसलाय, काकू," मी म्हणालो. "राखणदाराचं काम नाही हे. वाशिमलाच नेलं पाहिजे."

"तू ने. सुनीताले घेऊन जाय तिच्याकडं. माहं नाव सांगू नोको. सांगशीन त यायची नाही थे."

मी दुकान बंद केलं. सुनीता रुख्माबाईंच्या घरात गेली आणि कसंबसं समजावून त्यांना बाहेर घेऊन आली. त्यांचं अंग तापलं होतं, पाय लटपटत होते. गाडीचं दार उघडलं तर पुढच्या सीटवर पंचफुलाकाकू आधीच बसलेल्या होत्या, सरळ समोर बघत.

"मी माह्या कामानं चालली वाशिमले," त्या समोरच्या काचेला म्हणाल्या.

रुख्माबाईंनी एकदा त्यांच्या पाठीकडे पाहिलं आणि मागे बसल्या.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काय होतंय, आजी?"

"काही नाही," रुख्माबाई पुटपुटल्या. "कंबर दुखते."

काकू कोपऱ्यातल्या बाकावर बसल्या होत्या. त्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत म्हणाल्या, "कंबर नाही. आग हाय. तीन दिवसापासून. ताप कालपासून. न् याच्या आंधी दिवाळीत बी झालतं, न् भादव्यात बी."

"तुम्हाला कसं माहीत?"

"भीत पातळ हाय."

रुख्माबाईंनी मान खाली घातली, पण नाही म्हटलं नाही. डॉक्टरीणबाईंनी एकीकडून दुसरीकडे पाहिलं, मी डोळ्यांनीच खूण केली, आणि त्यांनी पुढचं सगळं तपासणीच्या खोलीत, दार लावून विचारलं. लघवी तपासणीला गेली. इंजेक्शन दिलं, दोन बाटल्या सलाइन लावलं. दुपारपर्यंत ताप उतरला. "वेळेवर आणलंत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रोज इंजेक्शन घ्यायला यायचं, कोर्स पूर्ण करायचा. पुढची गोळी लागेल का ते मग ठरवू." काकू हे सगळं दाराशी उभ्या राहून ऐकत होत्या आणि ओठ हलवत पाठ करत होत्या.

परतताना वाशिम सुटलं. दोन्ही बाजूंना तुरी उभ्या होत्या, रस्ता रिकामा होता. आठदहा किलोमीटर गेले असतील. मागच्या सीटवर चुळबुळ झाली. सुनीतानं विचारलं, "काही हवंय का?" रुख्माबाईंनी नाही म्हणून मान हलवली. थोडं अंतर गेलं, पुन्हा चुळबुळ. मग एक जड, वापरात नसलेला आवाज आला.

"पंचफुले."

काकूंची पाठ ताठ झाली.

"गाडी थांबव म्हनावं त्याले. मले जा लागते."

मला कुणी सांगायची गरज पडली नाही. मी गाडी कडेला घेतली. काकू उतरल्या, मागचं दार उघडलं, आणि हात पुढे केला. रुख्माबाईंनी तो धरला. दोघी सावकाश बांधाच्या कडेला गेल्या. तुरीत शिरण्याइतकं रुख्माबाईंच्यानं चालवत नव्हतं, आणि तिथं झाड नव्हतं, झुडूप नव्हतं. काकू रस्त्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या, दोन्ही हातांनी आपला पदर ताणून धरला आणि जावेला मागे बसवलं. एका बाजूनं पदर अपुरा पडत होता. सुनीता उतरली आणि तिनं तिथं आपली शाल धरली. मी दुसरीकडच्या तुरीकडे बघत राहिलो.

वाऱ्यावर त्यांचं बोलणं तेवढं ऐकू आलं.

"लय वाळली तू, पंचफुले."

"तू पाह्य ना तुह्याकडं. काडी झाली नुसती."

"एकटीसाठी सैपाक कोन करते?"

"मी बी नाही करत," काकू म्हणाल्या.

पदर वाऱ्यानं फडफडत होता आणि काकू तो दोन्ही मुठींत घट्ट धरून उभ्या होत्या. मागचं काम कधीच झालं असावं. तरी दोघींपैकी कुणीही हललं नाही, आणि मीही गाडी सुरू करायची घाई केली नाही.